पै-पैशाला मिळालेली जोड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावणाऱ्या एक मावशी होत्या. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास एक पिग्मीवाला सायकलवरून त्यांच्याकडे यायचा. मावशी गोणपाटाखालून दहाच्या दोन नोटा काढायच्या, तो छोट्या पुस्तकात आकडा लिहून सही करायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचा. मी एकदा त्यांना विचारलं, "मावशी, समोरच तर बँक आहे, तिथं का नाही टाकत? व्याज तरी बरं मिळेल." त्या म्हणाल्या, "बँक माझ्याकडं येती का? ह्यो येतो."

मुदतीआधी पैसे काढले तर त्यातून कमिशन कापलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्या रोज वीस रुपये टाकत होत्या.

पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कुठून आला, हे कुणी विचारत नाही. उडुपीच्या एका लहानशा बँकेनं, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, १९२८ साली ही योजना काढली. रोज दोन आणे, आणि तेही दारात येऊन गोळा करायचे. स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकानं गरिबांच्या पैशांवर लिहिलेल्या पुस्तकात विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईंचं वर्णन केलं आहे. त्या घरोघरी फिरून बचत गोळा करत. प्रत्येक घराला २२० चौकटींचं कार्ड, एका चौकटीचे पाच रुपये. कार्ड भरलं की ११०० रुपये झालेले असत. त्यातले शंभर बाई आपल्या मेहनतान्यापोटी ठेवत आणि हजार परत देत. म्हणजे बचत करण्यासाठी ती माणसं स्वतःच्या खिशातून पैसे मोजत होती. व्याज घेणं दूरच, व्याज देत होती.

आज मला याच्या नेमक्या उलट कल्पनेचा इतिहास सांगायचा आहे. गरीब माणसानं एक रुपया बाजूला टाकला तर त्यात दुसऱ्या कुणी एक किंवा दोन रुपयांची भर घालावी, आणि जमलेल्या पैशातून त्यानं घर घ्यावं, शिकावं किंवा धंदा उभा करावा. याला आपण जोड-बचत म्हणू.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात वेंडोव्हर नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ स्मिथ या धर्मोपदेशकानं १७९९ साली दोन गावकऱ्यांना बरोबर घेऊन एक जाहीर पत्रक काढलं. उन्हाळ्यात शेतावर काम मिळतं, हातात पैसा खेळतो. हिवाळ्यात काम नाही आणि पैसाही नाही. तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत दर आठवड्याला दोन पेन्सपासून पुढे जमेल ते आमच्याकडे ठेवा, ख्रिसमसला आम्ही ते परत करू, आणि वर एक तृतीयांश भर घालू. तीन शिलिंग साठवणाऱ्याला चार मिळणार. मधेच गरज पडली तर स्वतःचे पैसे केव्हाही परत, पण वरची भर मात्र मिळणार नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा. दोनशे वर्षांनी अमेरिकेत ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा दिसते.

पाच वर्षांनी, १८०४ मध्ये, लंडनजवळच्या टॉटनहॅम इथं प्रिसिला वेकफिल्ड या क्वेकर पंथाच्या बाईंनी मजुरांसाठी बचत बँक काढली. मुलांसाठी निसर्गविज्ञानाची पुस्तकं लिहिणाऱ्या या लेखिकेनं त्याआधीच बायकांसाठी एक मदत-मंडळ आणि मुलांच्या बचतीची सोय केली होती. वर्षभर ठेवलेल्या प्रत्येक पौंडावर पाच टक्के व्याज. एवढं व्याज बाजारात मिळत नसलं की त्याचा भार विश्वस्तांच्या खिशावर पडे. ही परोपकाराची रीत फार दिवस चालणारी नव्हती.

ती मोडली स्कॉटलंडच्या रुथवेल गावात. तिथल्या हेन्री डंकन या पाद्र्यानं १८१० मध्ये जी बँक सुरू केली ती स्वतःच्या पायावर उभी होती. कुणी श्रीमंत भर घालणार नाही. ठेवी एकत्र करून मोठ्या बँकेत ठेवायच्या आणि तिथून येणारं व्याज वाटून घ्यायचं. दान घेतलं की गरिबाचा स्वाभिमान जातो, असं डंकन मानत असे. जगभर पसरलं ते हेच रूप. आपल्याकडे कोलकात्यात १८३३, मद्रासला १८३४ आणि मुंबईत १८३५ साली सरकारी बचत बँका निघाल्या. १८८२ पासून पोस्टाची बचत बँक आली. आपल्या आजीच्या ट्रंकेत तांबड्या दोऱ्यानं बांधलेलं जे पासबुक असायचं, ते रुथवेलच्याच वंशातलं. वेंडोव्हरच्या भरीची गोष्ट मात्र विस्मरणात गेली.

आता अमेरिकेकडे वळू, कारण जोड-बचत पुन्हा उभी राहिली ती तिथं. पण त्याआधी १८६५ सालात थोडं थांबावं लागेल.

यादवी युद्ध संपत आलं होतं. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी मार्च १८६५ मध्ये लिंकननं सही केलेल्या कायद्यानं फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. पाच सेंटांपासून ठेव स्वीकारली जाई. ज्यांना स्वतःच्या देहावर काल-परवापर्यंत मालकी नव्हती, अशी माणसं स्वतःच्या नावाचं पासबुक घेऊन रांगेत उभी राहिली. धोबिणी, शेतमजूर, सैन्यातून परतलेले शिपाई. सरकार पाठीशी आहे, असा त्यांचा समज होता. तो तसा करूनही दिला गेला होता. प्रत्यक्षात बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या कारभाऱ्यांनी पैसा ओळखीपाळखीच्या, जोखमीच्या कर्जांत घातला. १८७३ चं आर्थिक संकट आलं. मार्च १८७४ मध्ये प्रसिद्ध नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं गेलं. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर त्यात घातले, पण तोवर आतून सगळं पोकळ झालं होतं. जून १८७४ च्या अखेरीस बँक बंद पडली. तेव्हा ६१ हजारांहून अधिक खातेदारांचे सुमारे तीस लाख डॉलर तिच्यात अडकले होते. काहींना पुढे अर्धंमुर्धं मिळालं, पुष्कळांना काहीच नाही.

हा प्रसंग इतक्या विस्तारानं सांगितला, कारण गरीब बचत करत नाहीत, त्यांना उद्याची फिकीर नसते, हे वाक्य पुढची शंभर वर्षं अमेरिकेत आणि आपल्याकडेही मोठ्या खात्रीनं बोललं गेलं. १८७४ सालच्या त्या ६१ हजार पासबुकांचा विसर पडल्याशिवाय ते बोलता येत नाही.

विसाव्या शतकात तर आणखी एक विचित्र प्रकार झाला. सुस्थितीतल्या अमेरिकन माणसाच्या बचतीला सरकार जोड देऊ लागलं, फक्त तिला तसं नाव नव्हतं. घरकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट, १९७८ च्या कायद्यातून आलेल्या निवृत्तीच्या ४०१(के) खात्यांना करसवलत आणि बऱ्याचदा मालकाचीही भर. ज्याचं उत्पन्न मोठं त्याला सवलतही मोठी. आणि जो करच भरत नाही इतका गरीब, त्याला यातलं काही नाही. आपल्याकडे मार्च महिन्यात विम्याचे हप्ते आणि पीपीएफच्या पावत्या जमवायला धावणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गरिबाच्या बाबतीत कायदा नुसता उदासीन नव्हता, आडवा येत होता. मुलांसह एकट्यानं राहणाऱ्या आयांना जी सरकारी मदत मिळे तिला १९८१ पासून अशी अट होती की कुटुंबाची जमा एक हजार डॉलरच्या वर गेली की मदत बंद. १९९० च्या सुमारास मिल्वॉकी शहरातली एक आई यात सापडली. मदतीतून काटकसर करून तिनं सुमारे तीन हजार डॉलर साठवले होते, मुलीच्या कॉलेजसाठी. तिच्यावर फसवणुकीचा खटला झाला. तिनं गुन्हा कबूल केला आणि तिला शिक्षाही झाली. तिनं चोरी केलेली नव्हती. तिनं पैसे खर्च केले नाहीत, हाच तिचा अपराध.

आपल्याला हे ऐकून नवल वाटत असेल तर २००२ ची दारिद्र्यरेषेची पाहणी आठवा. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. घर कसं आहे, कपडे किती आहेत, घरात टीव्ही, पंखा, प्रेशर कुकर, रेडिओ आहे का. गुण वाढले की यादीतून नाव जायचं. पै-पै साठवून कुकर घेतलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं आपले गुण वाढवून घेतलेले असत.

मायकेल शेराडन हे सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात समाजकार्य शिकवणारे प्राध्यापक. ऐंशीच्या दशकात मदतीवर जगणाऱ्या आयांशी ते बोलले, तेव्हा त्यांना ऐकू आलं ते हेच: महिन्याची भाकरी भागते, पण इथून बाहेर पडायची वाट नाही, कारण साठवायलाच बंदी आहे. १९९१ मध्ये त्यांचं 'ॲसेट्स अँड द पुअर' हे पुस्तक आलं. मुद्दा साधा होता. कल्याणकारी राज्य गरिबाला उत्पन्न देतं, मत्ता देत नाही. उत्पन्नानं पोट भरतं. पण हाताशी थोडी शिल्लक असलेला माणूस पुढच्या वर्षाचा विचार करू लागतो, मुलीला कुठे शिकवायचं हे ठरवू लागतो, मालकाला नाही म्हणू शकतो. सरकारनं पूर्वी हे केलेलं आहे, याचीही त्यांनी आठवण करून दिली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट दिली होती. (ती जमीन मुळात कुणाची होती, हा प्रश्न वेगळा, आणि लहान नाही.) शेराडन यांनी सुचवलेल्या खात्याचं नाव इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट अकाउंट, थोडक्यात आयडीए.

कल्पनेला दोन्ही बाजूंचे पाठीराखे मिळाले. उजव्यांना त्यात स्वावलंबन दिसलं, डाव्यांना संपत्तीचं फेरवाटप. १९९६ च्या कायद्यानं राज्यांना अशी खाती काढायला मोकळीक दिली, आणि त्यातली शिल्लक मदतीच्या आड येणार नाही असं ठरलं. १९९७ मध्ये खासगी प्रतिष्ठानांच्या पैशावर चौदा ठिकाणी मोठा प्रयोग सुरू झाला. 'अमेरिकन ड्रीम डेमॉन्स्ट्रेशन' असं त्याचं भारदस्त नाव.

खातं कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. माणूस बँकेत आपल्या नावावर पैसे टाकायचा. संस्था दुसऱ्या खात्यात प्रत्येक डॉलरमागे, बहुधा, दोन डॉलर नोंदवायची. पैशांच्या व्यवहाराचे वर्ग करावे लागत. घर, शिक्षण किंवा धंदा यासाठी पैसे काढले तरच जोड मिळे, आणि ती हातात न देता थेट घर विकणाऱ्याला किंवा कॉलेजला. मधेच घरभाड्यासाठी काढले तर स्वतःचे पैसे परत, जोड नाही. वेंडोव्हरचीच अट.

साधारण २,३५० लोकांची खाती वर्षानुवर्षं तपासली गेली. त्यातून जे दिसलं ते मला तरी फार बोलकं वाटतं. माणसांनी महिन्याला सरासरी १७ डॉलरच्या आसपास साठवले, जोड धरली तर पन्नासच्या घरात. म्हणजे गरीब साठवू शकतात. पण सहभागी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या खात्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही, हेही तितकंच खरं. जे अतिगरीब होते त्यांनी आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाजूला टाकला. थोड्या बऱ्या स्थितीतल्यांनी लहान. बचत सर्वांत वाढायची ती आयकराचा परतावा हाती यायच्या दिवसांत, कारण तेव्हाच वर्षातून एकदा ठोक रक्कम दिसे. आपल्याकडे ऊसतोडीची उचल किंवा सोयाबीनची पट्टी येते तसंच हे.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट वेगळीच होती. जोड एकास दोन ऐवजी एकास तीन केली म्हणून लोक जास्त साठवत, असं ठामपणे दिसलं नाही. फरक पडला तो जोड मिळण्याच्या वरच्या मर्यादेनं. वर्षाला ७५० डॉलरपर्यंत जोड मिळेल असं सांगितलं की माणसं साडेसातशेकडेच पाहून चालत. संस्थेनं खर्चाला आळा म्हणून घातलेली मर्यादा लोकांनी आपलं लक्ष्य म्हणून धरली.

या चौदांपैकी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. सुमारे अकराशे अर्जदारांपैकी निम्म्यांना खातं मिळालं, निम्म्यांना नाही. घरासाठी जोड एकास दोन, बाकी कारणांसाठी एकास एक. चार वर्षांनी पाहिलं तर भाड्यानं राहणाऱ्यांपैकी खातं मिळालेल्यांनी अधिक संख्येनं स्वतःची घरं घेतली होती. सगळ्यांना आनंद झाला. अभ्यासक दहा वर्षांनी पुन्हा तिथं गेले, तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. खातं न मिळालेल्यांनीही दरम्यान घरं घेतली होती. त्या वर्षांत अमेरिकेत घरकर्ज सहज मिळत होतं, हे त्यामागचं एक कारण असावं. शिक्षणाच्या बाबतीत खातेदार थोडे पुढे राहिले, इतकंच.

हा निकाल लपवला गेला नाही, याचं मला कौतुक वाटतं. पण त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. १९९८ च्या एका कायद्यानं केंद्र सरकारचा निधी सुरू झाला होता. प्रत्येक सरकारी डॉलरमागे संस्थेनं तितकेच पैसे बाहेरून उभे करायचे, अशी अट. लहान संस्थांची त्यात दमछाक होई. खातेदार महिन्याला वीस डॉलरही टाकत नव्हता आणि त्या एका खात्याची देखभाल, वर्ग, समुपदेशन यावर त्याहून जास्त खर्च होत होता. २०१६ नंतर संसदेनं नवा निधी दिला नाही.

ब्रिटनमध्ये कहाणी आणखी नाट्यमय झाली. तिथल्या मजूर सरकारनं 'सेव्हिंग गेटवे' नावाच्या खात्यांचे दोन प्रयोग केले, २००९ मध्ये कायदा केला, जुलै २०१० मध्ये देशभर खाती उघडायची ठरली. मे महिन्यात सरकार बदललं आणि जूनच्या अर्थसंकल्पात योजना रद्द झाली. मग २०१८ मध्ये दुसऱ्या सरकारनं 'हेल्प टू सेव्ह' नावानं तीच कल्पना परत आणली: महिन्याला पन्नास पौंडांपर्यंत साठवा, चार वर्षांत बाराशे पौंडांपर्यंत बोनस मिळवा.

आपल्याकडे काय झालं? आपल्या बचत गटांनी वेगळी वाट धरली. १९९२ मध्ये नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. गटानं नियमित साठवलं की त्या बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज मिळू लागलं. म्हणजे आपल्या बाईच्या एका रुपयामागे जे चार आले ते कर्जाचे होते, फेडायचे होते. अमेरिकेतल्या बाईच्या डॉलरमागे आलेले दोन तिचेच झाले. बचत गटांनी जे उभं केलं त्याला मी कमी लेखत नाही, पण हा फरक डोळ्याआड करून चालणार नाही.

खरी जोड आपल्याकडे आली ती म्हातारपणासाठी. २०१० च्या स्वावलंबन योजनेत असंघटित कामगारानं वर्षाला हजार ते बारा हजार रुपये टाकले तर सरकार हजार घालत असे. २०१५ मध्ये तिची जागा अटल पेन्शन योजनेनं घेतली; सुरुवातीला आलेल्या, करपात्र नसलेल्या सदस्यांना पाच वर्षं सरकारी भर मिळाली. २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार कामगाराचे महिना ५५ ते २०० रुपये आणि तितकेच सरकारचे. साठीनंतर दरमहा तीन हजार. मला यात एकच शंका आहे. तिशीतल्या गवंड्याला तीस वर्षं न चुकता हप्ता भरायला सांगायचं, आणि त्याच्या मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी योजनेतून बाहेर पडल्याशिवाय त्या पैशाला हात लावायची सोय नाही. वेंडोव्हरच्या मजुराला निदान ख्रिसमस दिसत होता.

शेराडन स्वतः पुढे दुसरीकडे वळले. मोठ्या माणसाकडून थेंबथेंब बचत करून घेण्यापेक्षा मूल जन्मताच त्याच्या नावे खातं उघडावं, असं ते म्हणू लागले. २००७ मध्ये ओक्लाहोमात अशाच एका प्रयोगात तेराशेहून अधिक तान्ह्या बाळांच्या नावे हजार-हजार डॉलर आपोआप ठेवले गेले. गरीब आयांना बचतीवर जोडही देऊ केली होती. ती फार थोड्यांनी घेतली. पण बाळाच्या नावावर काहीतरी आहे, एवढ्यानंही आयांच्या मुलांबद्दलच्या अपेक्षा टिकून राहिल्या, असं अभ्यासकांना दिसलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेनं २०२५ ते २०२८ या काळात जन्मणाऱ्या मुलांसाठी प्रत्येकी हजार डॉलरचं खातं मंजूर केलं. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखंच. गरिबाच्या बचतीला वेगळी जोड त्यात नाही. आणि अपंग किंवा वृद्ध गरिबांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीसाठी एकट्या माणसाची जमा दोन हजार डॉलरच्या आत हवी, ही १९८९ सालची मर्यादा आजही तशीच आहे.

आमच्या मावशींची पिग्मी वर्षानं भरली. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, त्याला ती बरीचशी पुरली. कमी पडलेले सातशे रुपये त्यांनी भिशीतून उचलले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल आली तेव्हा गोणपाटाखालून पुन्हा दहाच्या दोन नोटा काढल्या.